भामाबाईनं आडोसा सोडला

शेळगावात भामाबाईचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, म्हातारीचं डोकं फिरलं. दुसरा म्हणतो, फिरलं कुठलं, ते आधीपासून तसलंच होतं. तिसरा तट नाही. तुम्ही म्हणाल, बाईनं असं केलं तरी काय? तर उजनी धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे मागं साठलेल्या पाण्यात, पळसदेवच्या अंगाला, ती एका शिडाच्या होडीवर राहते. एकटी. मासे धरत नाही, पाहुण्यांना फ्लेमिंगो दाखवत नाही, नुसती राहते. सकाळी चहा करते, वारा बघते, मनात आलं तर शीड चढवून पलीकडं जाते, तिथं नांगर टाकते आणि भाकरी थापते. साठीला टेकलेली बाई! आता बोला.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं कसं, ते समजायला मागं जावं लागतं. भामाबाई धनगराची. लग्न होऊन शेळगावच्या सोनबाच्या घरी आली, आणि सोनबाचं घर म्हणजे काय, तर शे-दीडशे मेंढरं, दोन घोड्या आणि कुत्री. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर लादायचं आणि घाट उतरून कोकणात जायचं, पावसाच्या आत माघारी यायचं. मेंढरं आज ह्याच्या रानात बसवायची, परवा त्याच्या. पुरुष मेंढरांमागं, बिऱ्हाडाचं सगळं बाईच्या अंगावर. जागा बघायची, चूल मांडायची, मेंढरांभोवती जाळी ठोकायची, आणि दोन दिवसांनी सगळं उपटून पुन्हा घोडीवर चढवायचं. अर्धं आयुष्य तिनं असं काढलं. मग पोरगा नागेश शिकला, बारामतीच्या एमआयडीसीत लागला, मेंढरं विकली, स्लॅबचं घर झालं, आणि घर झाल्यावर दुसऱ्या वर्षी सोनबा गेला.

घर चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही सुनेवर घसराल. प्रतीक्षा, तिची सून, गुणाची पोरगी. सासूला वेळेवर ताट, हातात रिमोट, गुडघ्याला तेल. कुणाचा काही दोष नव्हता, आणि तीच तर पंचाईत होती. भांडायलासुद्धा कारण मिळेना. भामाबाई रोज उठायची तर समोर तीच भिंत, भिंतीवर तेच घड्याळ. एकदा ती सुनेला म्हणाली, "हे घर हालतच न्हाय गं." प्रतीक्षाला वाटलं, आत्याबाईंना चक्कर येते. तिनं सासूचा रक्तदाब तपासून आणला.

भाऊबीजेला ती माहेरी, पळसदेवला गेली. रावजी तिचा धाकटा भाऊ, त्याचं रान पाण्याला लागून. बांधाखाली एक पांढरी होडी बांधलेली दिसली. मासे धरणाऱ्यांच्या होड्या तिनं खूप बघितल्या होत्या, ही तसली नव्हती. मध्यावर शिडाची उंच काठी, पुढच्या अंगाला बुटकं छप्पर, आत निजायला दोन फळ्या आणि एक शेगडी. बारामतीचे मोहनराव म्हणून एक गृहस्थ, जन्मभर मालवाहू जहाजांवर नोकरी केलेले, त्यांनी ती मुंबईकडून ट्रकवर घालून आणली होती. भामाबाईनं वाकून आत बघितलं. भांडी, अंथरूण, दिवा, पाण्याचा डबा, सगळं हाताच्या अंतरावर.

"आरं, हे तर बिऱ्हाड हाय!" ती भावाला म्हणाली.

"बिऱ्हाड कसलं आक्का, पैसेवाल्याचे चाळे," रावजी म्हणाला.

भाऊबीज झाली, पण बाई काही शेळगावला जाईना. मोहनरावांना होडीवर लक्ष ठेवायला माणूस हवंच होतं. लक्ष ठेवता ठेवता ती होडी झाडू लागली, झाडता झाडता हा दोर कशाचा, तो कशाचा, असं विचारू लागली, आणि मोहनराव पडले एकटे आणि बोलके. शिकवायला कुणीतरी मिळालं म्हणून ते भलतेच खूश झाले.

शिकणं काही गोडीगुलाबीनं झालं नाही. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, असं तिरपं तिरपं चढावं लागतं, हे तिला एका सकाळीत कळलं. "घाट चढताना मेंढरं अशीच जात्यात की," म्हणाली. सामान लावायलाही शिकवावं लागलं नाही. जड ते तळाला, दोन्ही अंगांना वजन सारखं, आणि चालताना काही वाजता कामा नये, हे सगळं घोडीवर लादता लादता हातात बसलेलं. पण दोराच्या बाबतीत बाई हट्टी. जोराचा वारा आला की शीड सैल सोडायचं असतं, तर ही दातओठ खाऊन आवळायची. होडी आडवी व्हायला लागायची आणि मोहनराव ओरडायचे, "सोडा, भामाबाई, सोडा!"

"सोडलं तर पळंल की!"

"पळू द्या हो!"

दोनदा ती पाण्यात फेकली गेली. पोहता येत होतं म्हणून वाचली. दुसऱ्यांदा तिला वर घेताना मोहनराव म्हणाले, "तुम्हाला धरायचं कळतं, सोडायचं कळत नाही." भामाबाईला असा राग आला की दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दोर सोडायला लागली.

एक गोष्ट मात्र मोहनराव पुन्हा पुन्हा सांगायचे. वादळ आलं की काठाला जायचं नाही. काठाला दगड असतात, खोडं असतात, होडी फुटते ती काठावर. खोल पाण्यात जायचं, नांगर टाकायचा, दोर भरपूर लांब सोडायचा आणि गप बसायचं. भामाबाई "व्हय, व्हय" म्हणायची. आता मला सांगा, आभाळ काळं झालं की जिनं जन्मभर आधी आडोसा शोधला, बांधाची नाहीतर टेकडीची पाठ धरून मेंढरं दडवली, तिच्या डोक्यात हे शिरणार कसं? कानात शिरलं, तेवढंच.

पुढं मोहनरावांचे गुडघे गेले आणि लेकीनं त्यांना नाशिकला नेलं. जाताना म्हणाले, "होडी तुम्हीच ठेवा." फुकट घ्यायला ती तयार नव्हती. मेंढरं गेल्यावर राखलेल्या चार शेळ्या तिनं विकल्या आणि आले ते पैसे त्यांच्या हातावर ठेवले. मग रावजीच्या घरातनं अंथरूण उचललं आणि होडीत राहायला गेली.

हे कळल्यावर नागेश आला. मोटारसायकल बांधावर लावली आणि तिथनंच सुरुवात केली. "आये, बास झालं आता! लोक तोंडात शेण घालत्यात माझ्या. आईला घरात ठिवून घेत न्हाय म्हणत्यात."

"मग तू काय सांगतोस?"

"मामाकडं गेलीय म्हणून सांगतो. दुसरं काय सांगू?"

"सांग की खरं काय ते."

"काय खरं? माझी आई पाण्यावर राहती म्हणून? हासतील लोक!"

मग पडलीस तर, बुडलीस तर, मेलेल्या बापाला मी काय तोंड दाखवू, हे सगळं झालं. नागेश वाईट पोरगा नव्हता. आईला पाण्यातनं काढायची पाळी येईल, ही त्याची भीती खरी होती, आणि लोक काय म्हणतील हीही खरीच होती. भामाबाईला दोन्ही कळत होत्या. पण त्या भिंतीसमोर आणि त्या घड्याळाखाली पुन्हा जाऊन बसायचं, ह्या विचारानंच तिचा जीव गुदमरत होता. शेवटी तिनंच तोड काढली.

"हे बघ. जवर माझी मला होडी चालवता येती, तवर मी हितं. ज्या दिवशी दुसऱ्या कुणाला मला वढून काठाला आणावं लागंल, त्या दिवशी तुझ्या गाडीवर मागं बसून घरी येती. परत पाण्याचं नाव काढत न्हाय."

"उचल भंडारा," नागेश म्हणाला.

ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. बिरोबाचा भंडारा, म्हणजे हळद, हातात घेऊन धनगर बोलला की ते बोलणं संपलं. कोर्टातली साक्ष फिरते, भंडाऱ्यावरची फिरत नाही. भामाबाईनं कनवटीच्या पिशवीतनं चिमूट काढली, बोलली, कपाळाला लावली. नागेशनंही लावून घेतली आणि गाडीला किक मारून गेला, अगदी निवांत मनानं. म्हातारी बाई, उन्हाळा तोंडावर, चालून चालून किती दिवस चालणार?

उन्हाळ्यात धरणाचं पाणी सोडतात आणि फुगवटा रोज मागं सरकतो. काल जिथं होडी तरंगली तिथं आज चिखल. अशाच एका दुपारी भामाबाईला भिगवणच्या अंगानं आभाळ काळवंडलेलं दिसलं. वळवाचं वादळ. ती तेव्हा मधोमध खोल पाण्यावर होती, म्हणजे जिथं असायला हवं तिथंच. पण डोक्याच्या आधी हात चालले. तिनं शीड चढवलं आणि होडी थेट रावजीच्या रानाखालच्या घळीत घातली. मागं उंच दरड, वर बाभळी, झकास आडोसा! एका बाभळीला होडी आखूड बांधली, दाव्याला जनावर बांधतात तशी, आणि आत जाऊन बसली.

वारा आला तो पाण्यावरनं, सरळ त्या घळीच्या तोंडात. आखूड दोरानं होडीला मान हलवू दिली नाही. लाट आली की होडी उचलली जायची आणि काठावर आदळायची. भामाबाईनं घाबरून विळ्यानं दोर कापला, तर पुढच्या लाटेनं होडी आणखी वर गाळात नेऊन बसवली. वादळ आलं तसं निघूनही गेलं. होडी एका कुशीवर कलंडून चिखलात रुतली होती, आणि पाणी राहिलं होतं तिच्या शेपटाशी.

"मुडदा बशिवला तुझा!" भामाबाई वाऱ्याला म्हणाली. वारा केव्हाच गेला होता.

रावजी धावत आला. पाण्यावरनं गेणबाही आला. गेणबा तिथला मासे धरणारा, त्याच्या होडीला इंजिन होतं. "दोर फेका मावशी, एका झटक्यात वढतो."

"हात लावू नगंस!" ती अशी ओरडली की गेणबानं फेकायला उचललेला दोर खाली ठेवला. "कुणीबी हात लावायचा न्हाय. भंडारा उचललाय मी."

भंडारा म्हटल्यावर रावजीला सगळं कळलं. तो मुकाट्यानं बांधावर चढला आणि त्यानं नागेशला फोन लावला. भामाबाईनं ते बघितलं. बारामतीहून पोरगा गाडी पळवत येणार, हे उघड होतं. आणि आज होडी सुटली नाही तर उद्या पाणी आणखी मागं जाणार, मग ट्रॅक्टर लावल्याशिवाय ती हलणार नाही, हेही उघड होतं. तिनं आपला फोन काढून नाशिकला लावला. सल्ला म्हणजे काही ओढणं नव्हे, असं तिनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं.

"मोहनराव, रुतली."

"काठाला गेलात?"

"गेले."

"अहो, मी हजारदा सांगितलं होतं की..."

"त्ये मागनं बोला. आता काय करू?"

मोहनरावांनी सांगितलं. होडीच्या पोटाखाली पाण्यात उतरणारी लोखंडी फळी वर घ्या. सामान सगळं उतरवा. नांगर हातानं लांब नेऊन खोलात टाका, त्याच्या दोराला कप्पी लावा, आणि त्या नांगराच्या जोरावर होडी पाण्याकडं ओढा. भामाबाईनं फोन ठेवला, कासोटा आवळला आणि कामाला लागली. घोडी चिखलात बसली की आधी ओझं उतरवतात, त्यामुळं सामानाचं तिला कुणी सांगायला नकोच होतं. डबे, अंथरूण, शेगडी, पाण्याचे कॅन, सगळा संसार तिनं वाहून वाहून बांधावर ठेवला. मग नांगर खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यात गेली, टाकला, माघारी येऊन ओढायला लागली, तर नांगरच गाळातनं सरकत तिच्याकडं आला. तिनं त्याला चार शिव्या दिल्या, परत नेला, आणखी लांब टाकला. आता दोर ताठ झाला. पण होडी जागची हलेना. तळहाताची सालटं निघाली तरी हलेना.

नागेश आला तो कंपनीच्या कपड्यांतच. हेल्मेट काढायचंही भान नव्हतं. आईला चिखलात कमरेपर्यंत माखलेली बघून त्यानं बूट काढून फेकले आणि खाली उतरला. "सोड तू. मी वढतो."

"नागेश, तू हात लावलास की मी हारली. तुला त्येच पायजे आसंल तर लाव."

तो होडीशेजारी उभा राहिला. त्याला नुसता हात लावायचा होता, आणि त्यासाठीच तर तो आला होता. भामाबाई त्याच्याकडं बघेना. खरं सांगायचं तर ती भ्याली होती. घाटात बिबट्या मेंढरांत शिरला तेव्हा नव्हती भ्याली तेवढी ती पोटच्या पोराच्या हाताला भ्याली. डोळ्यांपुढं शेळगावची ती भिंत उभी राहिली. तिनं पुन्हा दोर धरला.

"पलीकडच्या अंगाला लोंब," नागेश एकदम म्हणाला.

"काय?"

"घोडी बसली की आबा काय करायचं? रुतल्यालं अंग आधी मोकळं करायचं. दोर ताठ बांधून ठिव आन् पलीकडनं लोंब. ह्ये अंग उचलंल." बापाची युक्ती आपल्याच तोंडून निघाल्याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं, कारण त्यानं तोंड फिरवलं.

भामाबाईनं दोर जीव खाऊन ताणला, बांधला, वर चढली, शिडाच्या काठीला ताणलेली तार धरली आणि पलीकडच्या अंगाला सगळं वजन टाकून लोंबकळली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा चिखलानं मोठा आवाज केला, रुतलेलं अंग वर आलं, आणि ताणलेल्या दोरानं होडी हातभर सरकली. मग आणखी थोडी, आणि मग एकदम सगळीच पाण्यात. गेणबानं शिट्टी मारली. भामाबाईला रडू आलं, ते तिनं चिखलाच्या हातानं पुसलं.

तेवढ्यात भिगवणकडं आभाळ पुन्हा भरून आलं.

"आये, काठाला ये!" नागेश ओरडला. "परत येतंय वारं! ये लौकर!"

भामाबाईनं काठाकडं बघितलं. तिथं दरड होती, बाभळी होत्या, तिचं सगळं सामान होतं, पोरगा होता. हात आपोआप त्या बाजूला वळायला लागले. तिनं ते आवरले. नांगर वर घेतला, लहान शीड चढवलं, घळीतनं बाहेर पडली, आणि मागनं येणाऱ्या हाकांकडं पाठ करून पार मधोमध गेली. नांगर टाकला. दोर सोडला, आणखी सोडला, होता तेवढा सगळा सोडला, आणि खाली बसली.

वारा आला. ह्या वेळी होडीनं आपलं तोंड आपणच वाऱ्याकडं केलं आणि ती लाटांवर वर-खाली करत राहिली. भामाबाईनं दोन्ही हातांनी काठी धरली होती. पावसाच्या आडून तिला काठ दिसत होता. गेणबानं इंजिन चालू केलं, तेही दिसलं. तो येणार, दोर टाकणार, झालं. पण गेणबाची होडी जागची हलेना. नागेश पाण्यात शिरून तिचा काठ दोन्ही हातांनी धरून उभा होता. गेणबा हातवारे करत होता, रावजी ओरडत होता, आणि नागेश सोडत नव्हता. तो काय बोलत होता ते तिला ऐकू आलं नाही. रावजीनं मागनं सांगितलं. म्हणाला होता, "ती हाक मारंल तर मी सोता येतो तुझ्यासंगं. हाक मारल्याबिगार दोर टाकायचा न्हाय."

भामाबाईनं हाक मारली नाही.

सकाळी पाणी आरशासारखं पडलं होतं. ती आपली आपण काठाजवळ आली. नागेश रात्री मामाकडंच राहिला होता. त्यानं तिचं सामान ताडपत्रीत बांधून ठेवलं होतं, दोन गाठोडी, आणि ती डोक्यावर घेऊन तो गुडघाभर पाण्यात आला. भामाबाईनं एक हातात घेऊन बघितलं, मग दुसरं. दोन्हींचं वजन सारखं होतं. हलवून बघितलं तर काही वाजलं नाही.

"इसारला न्हाईस," ती म्हणाली.

"न्हाय," तो म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गावातलाच कुणीतरी होता. शांत पाण्यावर बोलणं लांबवर ऐकू येतं, आणि ती तर हाताच्या अंतरावर होती.

"न्हाय, आज कामाला न्हाय गेलो. आईकडं आलोय. न्हाय रं, मामाकडं न्हाय." तो थांबला. दोर गुंडाळणारे भामाबाईचे हातही थांबले. "होडीवर राहती ती. शिडाच्या. व्हय, एकटीच. चालवती म्हंजी? चालवतीच की! काल एवढ्या वादळात चालवली, मी बघितली."

त्यानं फोन खिशात घातला. होडी काठाला जरा टेकली होती. तिला ढकलून द्यायला त्याचे हात पुढं झाले आणि मध्येच थांबले.

"हात लावू का?" त्यानं विचारलं.

"लाव की," भामाबाई म्हणाली. "आता ढकलायचंय, वढायचं न्हाय."

नागेशनं दोन्ही हात लावले आणि होडी खोल पाण्याकडं ढकलून दिली.